गालफुग्यांची भरती

वाशीमच्या स्टेडियमचे उद्घाटन करायचे ठरले तेव्हा स्टेडियम जवळजवळ पूर्ण झालेले होते, हे आरंभीच नमूद केलेले बरे. बहात्तरच्या दुष्काळात सरकारने लोकांना दगड फोडायला लावले. फोडलेले दगड रस्त्यांना पुरून उरले. उरलेल्या दगडांचे काय करावे, असा प्रश्न वर गेला आणि वरून उत्तर आले की, आठ हजार माणसे बसतील असे स्टेडियम करावे. तालुक्यात त्या वेळी नोंदलेले खेळाडू सदतीस होते. पण बसणारे भरपूर होते, त्यामुळे योजना मंजूर व्हायला अडचण आली नाही.

पंचाहत्तरच्या जानेवारीत मंत्रिमहोदय येणार असे ठरले. मंत्री दर्जाच्या पाहुण्यांपुढे ब्रास बँड असावा आणि त्यात किमान एकवीस व कमाल एकवीस वादक असावेत, असे परिपत्रक होते. जिल्ह्याच्या ठिकाणचा बँड त्याच दिवशी दुसऱ्या उद्घाटनात गुंतलेला. तेव्हा उद्घाटन समितीचे सचिव बबनराव यांनी रिसोडच्या देवमन मास्तरांच्या नवप्रकाश ब्रास बँडला तीन प्रतींत भरायचा फॉर्म पाठवला.

आता लग्नाच्या बँडची एक रीत इथे सांगितली पाहिजे. वधुपित्याला माणसे मोजून हवी असतात. अकराचा बँड आणला तर व्याही नाक मुरडतात. म्हणून देवमन मास्तरांच्या बँडमध्ये वाजवणारे अकरा आणि बाकीचे गालफुगे. गालफुगा म्हणजे अंगात लाल कोट, हातात फुटके ट्रम्पेट, आणि इतरांनी फुंकले की याने गाल फुगवायचे. त्याला दोनच नियम : आवाज काढायचा नाही आणि हसायचे नाही. वऱ्हाडातल्या कोणत्याही बँडमध्ये असे गालफुगे असतात. त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. लग्नात नुसते दिसण्यासाठी आलेली माणसे काय थोडी असतात!

फॉर्मच्या तळाशी लिहिले होते, 'खोटी माहिती आढळल्यास कायदेशीर कारवाई होईल.' देवमन कंदिलाची काच पुसत ते पुन्हा पुन्हा वाचत होता.

"एकवीस वाजवनारे म्हनून लिवून टाकू का?" त्याने बायकोला विचारले.

"सरकारचा कागद हाये जी," दुर्गाबाई म्हणाली. "खोटं लिवसान तर बेड्या घालतीन."

"अवं, खरं लिवलं तर बँडच रद्द होईन."

"खरं लिवून कोनाचं रद्द झालं आतापावतर?"

देवमनने आठवून पाहिले. कागदावर खरे लिहिलेला माणूसच त्याला आठवेना, त्यामुळे त्याचे पुढे काय झाले हेही सांगता येईना. त्याने लिहिले : वादक ११, गालफुगे १०.

बँड रद्द होऊ नये असे सर्वांत जास्त दुर्गाबाईलाच वाटत होते. सतरा वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला वाजवताना समोरून पाहिलेले नव्हते. वरातीबरोबर बँडवाल्यांच्या बायका जात नाहीत. लाल कोट घालून तो निघाला की तिला त्याची पाठ दिसे आणि परत आला की दमलेले तोंड. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून घरचा सरावही तो भिंतीकडे तोंड करून करी. तिच्या स्वतःच्या लग्नात बँड होता, पण तेव्हा हा नवरदेव होता, आणि मुंडावळ्यांआडून वाजवणाऱ्यांच्या चुका काढत होता. तोंडावर तेज चढते, डोळे मिटतात, असे तिला लोकांच्या बायकांनी सांगितले होते. आपल्या नवऱ्याच्या तोंडाबद्दल लोकांच्या बायकांकडून ऐकावे लागते, याचा तिला राग होता.

"मले पाह्यचं हाये तुमचं तोंड. वाजवताना. एकडाव," ती म्हणाली. "थ्या पायऱ्याइचे दगड वाह्यले म्या. आता बसून पाह्यतो."

"पाह्यशीन ना. मी मधोमध राहीन, सगळ्याइच्या पुढे. मले सोडून दुसरं काही दिसनारच नाई तुले."

फॉर्म बबनरावांच्या टेबलावर गेला. बबनराव रागीट नव्हते, लाचखाऊ नव्हते. ते नियमाने चालणारे होते आणि त्यावर इलाज नसतो. त्यांनी देवमनला बोलावून घेतले.

"मास्तर, गालफुगा म्हणजे नेमकं काय?"

"साहेब, थो वाजवत नाई. वाजवल्यासारखा उभा राह्यते."

"काम काहीच नाही?"

"नाई जी."

"पण दिसतं काम करतो म्हणून?"

"हो जी. थेच त्याचं काम."

 तीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच बबनरावांसमोर असे पद आले होते की, ज्याचे स्वरूप त्यांना एकदा ऐकताच पूर्णपणे समजले. रद्द करण्यासारखे त्यांना काहीच आढळले नाही. फक्त एक शंका आली.

"ही दहा पदं भरली कुणी?"

"मीच भरली जी. एक माहा साळा हाये, दोघं हमाल हायेत, एक दाढ्या करते..."

"जाहिरात दिली होती?"

"नाई."

"मुलाखती?"

"एकेकाले म्हनलं, गाल फुगवून दाखव."

"मास्तर," बबनराव दुःखाने म्हणाले, "सरकारी समारंभातली पदं अशी घरातल्या घरात भरता येत नाहीत. साळा तर मुळीच नाही."

आठवड्याभरात कचेरीच्या फळ्यावर जाहिरात लागली. 'गालफुगे : पदे दहा. उमेदवार निरोगी व दिसायला बरा असावा. संगीताचे ज्ञान नसावे. असल्यास ते वापरणार नाही असे प्रतिज्ञापत्र जोडावे.' एकशे त्रेचाळीस अर्ज आले. त्याचे कारण साधे होते. बँड मंत्रिमहोदयांपासून बारा फुटांवर उभा राहणार होता आणि कार्यक्रमानंतर प्रत्येकाला शाल-श्रीफळ मिळणार होते. बारा फूट हे अंतर तालुक्यातल्या पुष्कळांना आयुष्यभर खटपट करून गाठता आले नव्हते.

जिनिंगचे मालक कैलासचंद शेठ स्वतः कचेरीत आले. मांडव त्यांच्याकडचा, खुर्च्या त्यांच्याकडच्या.

"बबनराव, अपने को सबसे बडा वाला देना. ते गळ्यात गुंडाळतात ते."

"शेठजी, ते पितळी असतं. फार जड होईल."

"जड झालं तर मागून माणूस धरेल. त्याला पण कोट शिवून टाका."

अशा रीतीने धरणाऱ्याचे एक पद वाढले. मग बाजार समितीने दोन जागा मागितल्या, पंचायत समितीनेही दोन. बबनरावांच्या साहेबांच्या मेहुण्यांचे गाल जन्मतःच फुगलेले असल्याने त्यांना डावलणे अन्यायाचे झाले असते. एका निवृत्त मुख्याध्यापकांना दम्याचा त्रास होता. त्यांनी डॉक्टरचा दाखला जोडून एकच गाल फुगवण्याची सवलत मागितली आणि ती मंजूर झाली. उरलेल्या गालासाठी आणखी एक माणूस घ्यावा लागला.

मोजणी झाली तेव्हा गालफुगे सोळा भरले. एकूण मात्र एकवीसच. संख्या वाढवता येत नाही, पण वर्गवारी बदलता येते, हे बबनरावांना माहीत होते. त्यांनी वादकांची पदे अकरावरून पाचावर आणली.

देवमनने ऐकले आणि मनात हिशेब केला : मी मधोमध असलो म्हणजे झाले. पाचांत तर मी असणारच. त्याने दुर्गाबाईला काही सांगितले नाही.

सराव मैदानावर सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी गालफुग्यांकडून लेखी तक्रार आली. वादक फार आवाज करतात, त्यामुळे गाल फुगवण्यात एकाग्रता राहत नाही, हा पहिला मुद्दा. वाजवताना त्यांना घाम येतो, गळ्याच्या शिरा ताठ होतात, डोळे बाहेर येतात, आणि मंत्रिमहोदयांपुढे हे बरे दिसणार नाही, हा दुसरा. याउलट गालफुगे अगदी शांत दिसतात. तक्रारीची चौकशी झाली. चौकशी अधिकाऱ्यांनी दोन्ही प्रकारच्या माणसांकडे पंधरा-पंधरा मिनिटे पाहिले आणि तक्रारीत तथ्य असल्याचा निष्कर्ष काढला.

त्याच सुमारास मंत्रिमहोदयांच्या दौऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्यांकडून पाच नावांची यादी आली आणि वादकांची उरलेली पाच पदेही भरली.

बबनरावांनी देवमनला बोलावले. सोबत ढोलवाले माणिकराव होते. माणिकरावांचे वय साठीचे, आणि ढोल वाजवून वाजवून त्यांना हळू बोलण्याची सवय राहिलेली नव्हती.

"मास्तर, तुमच्या अकराही माणसांना घेतलंय मी," बबनराव म्हणाले. "एकालाही वगळलं नाही. तुमचा ध्वनी विभाग केला."

"म्हंजे काय जी?"

"पायऱ्यांच्या मागं, भिंतीच्या बाहेर, ढोरांचा हौद आहे ना? तिथं सावलीही आहे. तुम्ही तिथून वाजवायचं."

माणिकरावांनी घसा साफ केला. "म्हंजे फुगवनारे अंदर अन् वाजवनारे ढोराइच्या हौदावर."

"माणिकराव, आवाजाला भिंत अडवत नाही."

"मंग मंत्र्यायचं भाषन पन हौदावरूनच होऊ द्या ना! त्याले बी भिंत अडवनार नाई."

बबनरावांनी हे ऐकले नाही. ऐकलेले न ऐकणे हाही त्यांच्या कामाचा भाग होता. त्यांनी एक जुनी फाईल पुढे ओढून तिच्यावरची धूळ झटकली. "तुमचा वरातीचा परवाना संपतोय नाही का या महिन्यात? तेही टेबल माझ्याकडेच आहे. लग्नसराई तोंडावर आली."

 अकरा घरे त्या परवान्यावर चालत होती.

"साहेब, येक इनंती हाये," देवमन म्हणाला. "माही मंडळी येनार हाये. तिले म्या सांगतलं, मी समोर राह्यतो म्हनून."

बबनराव खरोखर विरघळले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी खणातून गुलाबी पास काढला आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहिले : 'सौ. दुर्गाबाई, पहिली पायरी, बँडच्या बरोबर समोर.'

"घ्या. याच्याहून चांगली जागा साहेबांच्या मंडळींना पण नाही."

वाद्यांचा प्रश्न उरला. मास्तरांकडे चांगली वाद्ये अकरा आणि फुटकी, अडगळीतली धरून, वीस. मैदानावरची माणसे प्रतिष्ठित असल्याने त्यांच्या हाती फुटके पितळ देणे शक्य नव्हते. शिवाय जे वाजवणार नाहीत त्यांच्याकडे चांगली वाद्ये सुरक्षित राहतील, हा युक्तिवाद बिनतोड होता. चांगली आत गेली, त्यांच्यात भर म्हणून फुटक्यांतली बरी दिसणारी घासूनपुसून गेली. अगदीच गेलेली बाहेर आली. वादकांनी भोकांना मेण लावले, चिंध्या गुंडाळल्या. एका ट्रॉम्बोनला कणकेचा गोळा लावला. देवमनची क्लॅरनेट तेवढी त्याच्याजवळ राहिली. ती काळ्या लाकडाची होती, चमकत नव्हती, त्यामुळे कुणी मागितलीच नाही.

उद्घाटनाच्या सकाळी दुर्गाबाईने ठेवणीतले हिरवे लुगडे नेसले.

"मधोमध ना?" तिने पुन्हा विचारले.

"हो," देवमन म्हणाला आणि चपला शोधू लागला. चपला त्याच्या पायांतच होत्या.

आठ हजार माणसे दहा वाजताच बसली. समोर मैदानापलीकडे व्यासपीठ, व्यासपीठापुढे चुन्याच्या चौकोनात एकवीस लाल कोट. मंत्रिमहोदयांना दोन तास उशीर होता. कधी सुरू करायचे ते गालफुग्यांपैकी कुणालाच माहीत नसल्याने प्रत्येक मोटारीच्या आवाजासरशी ते गाल फुगवत होते. पाण्याचा टँकर आला तेव्हा फुगवले, पंचायत समितीची जीप आली तेव्हा फुगवले. मुख्याध्यापकांचा एक गाल बारा वाजता थकला आणि नियम मोडून त्यांना दुसरा वापरावा लागला.

दुर्गाबाई पहिल्या पायरीवर बसली होती. तिने डावीकडून एकवीस तोंडे पाहिली, मग उजवीकडून पाहिली. मधोमध कैलासचंद शेठ होते आणि त्यांच्या मागे ते पितळ धरणारा माणूस. तिला वाटले, अजून यायचे असतील.

अखेर मोटारी आल्या. भिंतीवर बसवलेल्या स्वयंसेवकाने ठरल्याप्रमाणे तांबडा रुमाल हलवला आणि हौदावर अकरा माणसांनी फुंकर घातली.

मेण लावलेली, चिंध्या बांधलेली ती वाद्ये इतकी सुरेल वाजतील असे कुणाला वाटले नव्हते. माणिकरावांना बाजारातून मागून आणलेला ढोल मिळाला होता; त्यांनी तो रागाने बडवला आणि राग तालात बसला. आवाज पायऱ्यांच्या मागून उठला आणि आठ हजार माणसांच्या पाठींवर आपटला. समोर एकवीस जण गाल फुगवून उभे होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मंत्रिमहोदय बँडपाशी थांबले. "वा! इतकं वाजवूनही एकाच्या कपाळावर घाम नाही. यांचे मास्तर कोण?"

एकवीस जण एक पाऊल पुढे आले. शेठजींना पितळामुळे पाऊल टाकता येईना, तेव्हा धरणाऱ्याने त्यांना मागून ढकलले. मंत्रिमहोदय गहिवरले. ज्या भागातल्या बँडमध्ये प्रत्येक जण मास्तर आहे, त्या भागाच्या प्रगतीची चिंता करण्याचे कारण नाही, असे ते म्हणाले, आणि त्यांनी शाली वाटायला घेतल्या.

इथे एक लहानशी चूक झाली. शालींचे वाटप पाहायला भिंतीवरचा स्वयंसेवक आत वळून बसला आणि थांबण्याचा रुमाल हलवायचा राहिला. हौदावर कुणी थांबा म्हणाले नाही, म्हणून कुणी थांबले नाही. मैदानावर एकवीस जणांनी वाद्ये काखोटीला मारली, शाली पांघरल्या, नारळ घेतले, एकमेकांना नमस्कार केले. बँड वाजतच होता. कुणाच्याही तोंडाला काही लावलेले नव्हते आणि बँड वाजतच होता. आठ हजार माणसांनी हे स्वच्छ उन्हात पाहिले आणि टाळ्यांचा ठेका बँडच्या तालावर जुळवून घेतला.

मग बाकीची वाद्ये एकेक करून थकली. मेण वितळले, कणीक सुटली. एकटी क्लॅरनेट उरली. मुलीची पाठवणी करताना वाजवतात ती चाल, अगदी सावकाश. एका सुरावर ती थांबली, आणि कडेवरचे मूल झोपल्यावर अंथरुणावर ठेवावे तसा तो सूर ठेवून खाली आली.

दुर्गाबाईने तो श्वास ओळखला. तिने शेवटचे एकदा समोर पाहिले. शेठजी नारळ हलवून त्यात पाणी आहे का ते पाहत होते. ती उठली, पदर सावरला, गुलाबी पास ठेवला होता त्या जागेवरच उलटी फिरली आणि मैदानाकडे पाठ करून बसली. तिच्यापुढे पायऱ्या होत्या, पायऱ्यांवर माणसे होती, आणि सगळ्यांच्या वर भिंत. भिंतीपलीकडले काहीही दिसत नव्हते. ती टक लावून तिकडेच पाहत राहिली.

बंदोबस्ताचा एक शिपाई धावत आला. "ओ बाई, तोंड समोर करा. कार्यक्रम तिकडे हाये."

"तिकडे नारळ हायेत, दादा. बँड इकडे वाजून राह्यला."

शिपायाने आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला. "थे का आमाले समजत नाई, बाई? सगळ्यायलेच मालूम हाये. म्हनून का कोनी पाठ फिरवते?"

"माहा मालक हाये तिकडे," ती म्हणाली, आणि वळली नाही.

बबनरावांच्या अहवालात या प्रसंगाची एका ओळीत नोंद आहे : 'एक महिला वगळता सर्व उपस्थितांनी कार्यक्रमाचा समोरून आस्वाद घेतला.' अहवाल अचूक आहे. व्यासपीठावरून त्या वेळी काढलेला पायऱ्यांचा मोठा फोटो आजही कचेरीच्या भिंतीवर लावलेला आहे. त्यात ओळीने आठ हजार तोंडे आहेत आणि पहिल्या पायरीवर मधोमध एक अंबाडा आहे. कधी त्या बाजूला गेलात तर जरूर पाहा. आपण सगळे त्यात आहोत. टाळ्या वाजवताना आपण फार छान आलो आहोत.